लाईनमनचा झेंडा आणि गॅलरीचा आवाज: मॅच बघताना डोळा कुठं ठेवता?

मंगळवारपेठी
२०२२ च्या वर्ल्डकपच्या अर्जेंटिना-फ्रान्स फायनलमधला मेस्सीचा १०८ व्या मिनिटाचा गोल कालपासून परत सगळ्या ग्रुपवर फिरतोय आणि जुना वाद वर आलाय. फ्रान्सच्या कुंदेनं चेंडू बाहेर मारला, मग गोल कसा? अर्जेंटिनाचा लाउतारो ऑफसाईड (पास सुटताना शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढं) होता का? चेंडू पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडं गेला होता, कुंदेचा पाय त्यानंतर लागला. आणि पास सुटला तेव्हा लाउतारो ऑनसाईड होता. विषय संपला.

पण कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आपल्याकडं व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय) नाही. पंच, दोन लाईनमन आणि गॅलरी, एवढंच. म्हणून धागा काढतोय. कुठल्या निर्णयावर आपण उगाच ओरडतो, खरं काय बघायचं असतं, ते ज्याला ठाऊक आहे त्यानं नेमकं लिहा.

सुरुवात ऑफसाईडपासून. आपण सगळे फॉरवर्डकडं बघतो, तिथंच चुकतं. नजर पास देणाऱ्याच्या बुटावर पाहिजे. चेंडूला पाय लागला त्या क्षणी कोण कुठं होता तेवढंच मोजायचं. फॉरवर्ड सेकंदाला ७ मीटरनं पळतोय आणि स्टॉपर (मधला बचावपटू) ३ मीटरनं वर येतोय असं धरा. सेकंदाच्या दहाव्या भागात दोघांत १ मीटर अंतर पडतं. पास पोचेपर्यंत फॉरवर्ड मोकळा दिसणारच.

हलगीवाला
बरोबर भावा. आणि थ्रो, कॉर्नर, गोलकिक यावर ऑफसाईड नसतो. थ्रोवर दर मॅचला कुणीतरी "झेंडा, झेंडा" करतंयच.

स्टॉपर५
लाईनमनची जागा बघा, मग शिव्या द्या. त्यानं शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या सरळ रेषेत पाहिजे. चेंडू त्याच्याही पुढं गेला तर चेंडूच्या रेषेत. म्हणून तो मैदानाकडं तोंड करून आडवा सरकत असतो. सरळ पळायला लागला की रेष सुटते.

हिशोब करून बघा. लाईनमन रेषेच्या फक्त १ मीटर पुढं, गोलच्या बाजूला गेलाय. बचावपटू त्याच्यापासून १० मीटरवर, फॉरवर्ड पलीकडच्या अंगाला ४० मीटरवर. आता तो फॉरवर्ड ३ मीटर मागं असला तरी लाईनमनच्या डोळ्याला तो रेषेत दिसतो. रेषेत असला तर चांगला ३ मीटर पुढं! उलटं, फॉरवर्ड जवळ आणि बचावपटू लांब असेल तर पाऊण मीटर ऑफसाईडसुद्धा सुटून जातो. माणूस एकच, चूक दोन्ही दिशांना. पक्षपात म्हणायच्या आधी त्याचे पाय कुठं आहेत ते बघा.

आणि गॅलरीत कोपऱ्यावर बसलेल्यानं तर ऑफसाईडवर बोलूच नये. तिथनं १ मीटर न्हाई, चांगले ५ मीटर चुकतं.

रंकाळाकाठ
आज मॅच किती वाजता? दुपारची आहे का संध्याकाळची?

डावी_विंग
@स्टॉपर५ दादा, लई भारी समजावलंत. हात धरायचा का ऑफसाईडला? परवा कट्ट्यावर त्यावरच भांडण.

स्टॉपर५
नाही. काखेच्या खालच्या टोकापर्यंत खांदा धरतात, त्याखालचा हात नाही. डोकं, धड, पाय, यातलं काहीही पुढं असेल तर पुढं. लेव्हल असेल तर ऑनसाईड.

ताराराणी_चौक
मी हँडबॉलवर लिहिते. डीमध्ये (गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत) चेंडू हाताला लागला की सगळी गॅलरी उठते, पण नुसतं लागणं पुरेसं नाही. मुद्दाम हात चेंडूकडं नेला का, किंवा हातानं शरीर अनैसर्गिक मोठं केलं का, हे पंच बघतो. पळताना, उडी मारताना हात जिथं सहज जातो तिथं चेंडू लागला तर पेनल्टी नाही. घसरताना आधारासाठी टेकवलेला हात वेगळा, डोक्यावर उंचावलेला हात वेगळा.

गोल करणाऱ्याचं मात्र कडक आहे. स्वतःच्या हाताला चुकून लागून गोल झाला, किंवा लागल्यावर लगेच त्यानंच मारला, तर गोल रद्द. पण सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागला आणि मग दुसऱ्यानं गोल केला, तर २०२१ पासून तो गोल धरतात. इथं अजून जुना नियम सांगणारे बरेच आहेत.

मंगळवारपेठी
ताई, हे शेवटचं मलाही पक्कं ठाऊक नव्हतं. आभार.

गोलपोस्ट_मागे
गोलकीपरचं मी सांगतो, आमची जागाच ती. टायब्रेकरला (पेनल्टी शूटआऊटला) कीपरचा निदान एक पाय थोडा तरी रेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा रेषेच्या मागं पाहिजे, चेंडू मारताना. दोन्ही पाय पुढं आले आणि त्यानं अडवला तर परत किक. पण मारणाऱ्यानं स्वतःच बाहेर किंवा खांबावर घातला तर परत मिळत नाही, कीपरच्या हालचालीनं त्याचं खरंच बिघडलं असेल तरच मिळते. कीपरला पहिल्यांदा समज, नंतर पिवळं कार्ड.

मारणाऱ्यालाही बंधन आहे. धावताना थांबून फसवलं तर चालतं, धाव संपल्यावर थांबून फसवलं तर चालत नाही. गोल झाला तरी रद्द आणि पिवळं कार्ड.

ॲटलेटिकोच्या ज्युलियन अल्वारेझची मार्च २०२५ ची पेनल्टी आठवा, रिअल माद्रिदविरुद्ध. पाय घसरला, चेंडू दोनदा लागला, गोल रद्द. जूनमध्ये नियमाचा अर्थ स्पष्ट करण्यात आला. चुकून दोनदा लागून गोल झाला तर आता परत किक मिळते. त्या रात्री ॲटलेटिकोवर अन्यायच झाला असं माझं मत.

हलगीवाला
कीपर चेंडू धरून बसतो त्याचं काय? सहा सेकंद असतात ना?

गोलपोस्ट_मागे
होते. २०२५-२६ पासून आठ सेकंद, आणि शेवटचे पाच पंच हात वर करून बोटांनी मोजतो. जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर. आधी अप्रत्यक्ष फ्री किक होती, ती डीमध्ये द्यायला पंच कचरायचे, म्हणून नियम असून नसल्यासारखा. कॉर्नर द्यायला त्याला जड जात नाही.

शाहूपुरीकर
काका, चेंडूत हवा किती भरायची सांगाल का, मंडळासाठी. आमचा लई उसळतोय.

गोलपोस्ट_मागे
५ नंबरचा चेंडू ना? घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम, दाब ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर. कडक मैदानावर ०.७ च्या आसपास ठेवा, उसळी कमी होते. आणि उन्हात ठेवू नका, आत दाब वाढतो. मोजमाप सावलीत घ्या. सुईला थुंकी नको, तेलाचा एक थेंब.

डावी_विंग
आता डावपेचावर. सौदीनं २२ नोव्हेंबर २०२२ ला अर्जेंटिनाला २-१ नं हरवलं तो सामना पुन्हा बघा. पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाईडवर रद्द. सौदीची मागची रेष मैदानाच्या मध्याजवळ चढलेली होती.

इथं आपली पोरं हेच करायला जातात आणि गोल खातात. कारण एकच. समोरचा पास देणारा मोकळा असताना रेष वर ठेवतात. त्याच्यावर माणूस जाऊन मान वर करायला वेळच देत नाही, तेव्हा रेष वर. तो मान वर करून बघतोय आणि त्याचा पाय मागं जातोय, तर चौघांनीही मागं सरकायचं. एकजण मागं राहिला तर तोच सगळ्यांना ऑनसाईड करतो. आणि तो राहतो नेहमी लांबच्या बाजूचा बॅक, कारण त्याला चेंडू दिसतो, स्वतःची रेष दिसत नाही. त्याला हाक मारणारा एक आवाज लागतो, तो स्टॉपरचाच असावा.

अशी वर चढलेली रेष मोडायची पद्धतही सोपी. फॉरवर्डनं चेंडूकडं खाली यायचं, स्टॉपरला ओढायचं, आणि मोकळ्या जागेत मागून मिडफिल्डरनं पळायचं. मागून येणारा ऑफसाईडला सापडत नाही, कारण पास सुटताना तो रेषेच्या अलीकडंच असतो.

ताराराणी_चौक
फायनलमध्ये अर्जेंटिनाचा कोच स्कालोनीनं दि मारियाला डाव्या बाजूला कुंदेसमोर ठेवलं, तेही सांगायला हवं. पेनल्टी त्याच्यावरच्या फाउलची, दुसरा गोल त्याचाच. फ्रान्सचा कोच देशाँनं ४१ व्या मिनिटालाच जिरू आणि देम्बेलेला काढलं, म्हणजे किती भोक पडलं होतं बघा. दि मारिया ६४ व्या मिनिटाला बाहेर गेला आणि त्या अंगाचा दबावच संपला. ८० आणि ८१ व्या मिनिटाला एम्बाप्पेचे दोन गोल. तो बदल फार लवकर होता.

मंगळवारपेठी
त्याला पळून पळून दम लागला होता हो ताई. पण जागा तशीच भरायला पाहिजे होती, आकुन्या बचावाला आला.

स्टॉपर५
ॲडव्हान्टेजचं (फाउल झाला तरी फायद्यासाठी खेळ चालू ठेवणं) कुणी लिहा. गॅलरी "पंच झोपला" म्हणते आणि त्याचे दोन्ही हात पुढं पसरलेले असतात. काही सेकंदात फायदा झाला नाही तर तो मागं येऊन फ्री किक देतो, आणि खेळ थांबल्यावर कार्डही काढतो.

रंकाळाकाठ
आजची मॅच किती वाजता सांगा की कुणीतरी. दुपारची असेल तर गॅलरीत ऊन समोरून येतं, टोपी आणतो.

हलगीवाला
मॅचचं विचारून सांगतो भावा. टोपी दोन आण.