सी++: स्वतःचा रेंज अ‍ॅडॅप्टर लिहायची खरंच गरज असते का?

ओव्हरलोडराव (धागाकर्ता)
सी++२० मध्ये रेंजेस आल्या, म्हणजे ज्यांच्यावरून एकेक किंमत घेत फिरता येतं अशा मालिका, आणि त्या | ने जोडलेल्या पायऱ्यांतून (रेंज अ‍ॅडॅप्टरमधून) पाठवायची सोय. सी++२३ मध्ये रेंज अ‍ॅडॅप्टर क्लोजर हा बेस क्लास आला. त्याच्यापासून आपला क्लास काढला की तोही | च्या उजवीकडे बसतो. त्याआधी प्रत्येक कंपायलरच्या लायब्ररीत यासाठी आपापलं खाजगी यंत्र होतं आणि बाहेरच्यांना तिथे मज्जाव होता. आता दार उघडलंय म्हटल्यावर आमच्या टीममधली पोरं सुटलीच आहेत. परवा रिव्ह्यूला एक व्ह्यू (मूळ डेटाची प्रत न करता त्यावरून फिरणारी रेंज) आला. काम काय, तर लागोपाठ आलेल्या सारख्या किमतींपैकी पहिलीच ठेवायची. त्यासाठी इटरेटर (रेंजमधली आत्ताची जागा दाखवणारा), सेंटिनल (शेवटाची खूण), कॉन्स्टसाठी (न बदलता येणाऱ्या ऑब्जेक्टसाठी) पुन्हा वेगळा इटरेटर, डिडक्शन गाइड (टाइप ओळखायचा नियम), असा सगळा बारदाना. हेच चंक-बायने गट पाडून आणि ट्रान्सफॉर्मने प्रत्येक गटातला पहिला उचलून एका ओळीत होतं, आणि दोन्ही स्टँडर्डमध्येच आहेत. नाकापेक्षा मोती जड!

माझं मत सरळ आहे: अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये स्वतःचा व्ह्यू क्लास नको. आहेत ते जोडा, नाही जमलं तर स्टँडर्डमधला जनरेटर (मागेल तशी एकेक किंमत देणारं फंक्शन) वापरा, तोही नको असेल तर फॉर लूप कुठे पळून गेलाय?

सेंटिनल_ताई
असहमत. तुमचं उदाहरणच सोयीचं आहे. जरा बदलून बघा. तापमानाची रीडिंग्ज येतायत: २०.०, २०.३, २०.६, २०.९, २१.२. शेवटच्या *पाठवलेल्या* रीडिंगपासून किमान ०.५ चा फरक पडला तरच पुढे पाठवायचं. उत्तर हवं २०.०, २०.६, २१.२. चंक-बाय शेजारच्या दोघांचीच तुलना करतो. प्रत्येक पायरी ०.३ ची, म्हणून सगळी एकाच गटात जातात आणि हाती येतं फक्त २०.०. तापमान हळूहळू चढत राहिलं तर तुमच्या एका ओळीला पत्ताच लागणार नाही.

आणि चंक-बायला किमान फॉरवर्ड रेंज, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून फिरता येईल अशी, लागते. स्ट्रीममधून वाचत असाल तर कंपाइलसुद्धा होणार नाही.

कॉफी_आणि_कोअरडंप
मग फिल्टर (अटीत बसेल तेवढंच पुढे सोडणारा) वापरा की. लॅम्डामध्ये (जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनमध्ये) शेवटची किंमत पकडायची, ती बदलता यावी म्हणून म्युटेबल लिहायचं, झालं काम.

सेंटिनल_ताई
@कॉफी, कंपाइल होतं, हीच तर गोम आहे. वर दिलेल्या पाच किमतींचा व्हेक्टर घ्या आणि त्याच व्ह्यूवरून दोनदा फिरा. पहिल्या वेळी उत्तर बरोबर. दुसऱ्या वेळी फिल्टरने बिगिन (पहिली पास झालेली जागा) कॅश केलेला, म्हणजे लक्षात ठेवलेला, असतो, त्यामुळे २०.० प्रेडिकेटला (अट तपासणाऱ्या लॅम्डाला) न विचारताच बाहेर येतो. लॅम्डात मात्र अजून मागच्या फेरीतला २१.२ बसलेला असतो, म्हणून २०.३ सुद्धा पास. एकूण उत्तर: २०.०, २०.३, २०.९. एरर नाही, वॉर्निंग नाही. फिल्टरचं प्रेडिकेट त्याच इनपुटला दरवेळी तेच उत्तर देणारं असलं पाहिजे, असा स्टँडर्डचा करार आहे. कंपायलर तो तपासू शकत नाही.

कॉफी_आणि_कोअरडंप
😬 दोन सर्व्हिसेसमध्ये अगदी असंच लिहिलेलं पाहिलंय. येतो बघून.

ओव्हरलोडराव
ताई, उदाहरण मान्य. पण मी जनरेटर म्हटलंच होतं. लोकल व्हेरिएबलमध्ये शेवटची किंमत, आत लूप, किंमत बाहेर द्यायला को-यील्ड. आठ-दहा ओळी, आणि नव्या माणसालाही वाचता येतात.

सेंटिनल_ताई
जनरेटर एकदाच फिरतो, शिवाय फक्त इनपुट रेंज. त्यावर रेंजेसमधला मॅक्स-एलिमेंट (सर्वात मोठी किंमत शोधणारा) चालवून बघा, नाही चालणार. त्याला फॉरवर्ड लागते.

आता व्ह्यू किती अवघड आहे ते बघू. शेवटची पाठवलेली किंमत वेगळी जपायचीच नाही, कारण इटरेटर आत्ता उभा आहे तीच ती किंमत! ++ (एक पाऊल पुढे) मध्ये तिची प्रत घ्यायची आणि पुरेसा फरक दिसेपर्यंत किंवा शेवट येईपर्यंत पुढे सरकायचं. पहिलं रीडिंग नेहमीच पास, म्हणून फिल्टरसारखं बिगिन कॅश करायला नको. मूळ रेंजला चालत असेल तर कॉन्स्टवरही फिरता येतं. ०.५ ही मर्यादा इटरेटरमध्येच कॉपी करा. व्ह्यूकडे पॉइंटर ठेवलात तर व्ह्यू हलवल्यावर तो लटकेल. शेवट इटरेटरलाच माहीत, म्हणून डिफॉल्ट सेंटिनल पुरतो. -- (एक पाऊल मागे) मात्र देऊ नका. उलट येताना कोणतं रीडिंग पाठवलं होतं ते सुरुवातीपासून मोजल्याशिवाय कळत नाही, तेव्हा फॉरवर्डवर थांबायचं. कंसातली ०.५ बांधून ठेवणारं छोटं ऑब्जेक्ट तेवढं हाताने लिहावं लागतं, क्लोजर बेस ते करत नाही.

हीपविरोधी_मोर्चा
आमच्या कंट्रोलरवर हीपला (प्रोग्राम चालू असताना मागून घ्यायच्या मेमरीला) बंदी. जनरेटर म्हणजे कोरूटीन (मध्येच थांबून पुढे चालणारं फंक्शन), आणि त्याची फ्रेम (थांबताना जपायची माहिती) सहसा हीपवर जाते. ऑप्टिमायझर कधी ती वाचवतो, कधी नाही, आणि त्याच्या मूडवर फर्मवेअर सोडता येत नाही. पण म्हणून मी ताईंच्याही बाजूने नाही. ऑप्टिमायझेशन बंद असलेल्या डीबग बिल्डमध्ये पाइपमधली प्रत्येक पायरी म्हणजे फंक्शन कॉलवर फंक्शन कॉल. ब्रेकपॉइंट लावून आत शिरा, लायब्ररीच्या पोटात हरवून जाल. फॉर लूप झिंदाबाद.

ओव्हरलोडराव
+१ मोर्चा.
ताई, डिझाइन छान आहे, नाही म्हणत नाही. पण तुम्ही जे सहज सांगितलंत (-- का नको, मर्यादा कुठे ठेवायची) ते टीममध्ये किती जणांना सुचेल? कोणी पोस्टइन्क्रिमेंटमधून (i++) व्हॉइड (काहीच नाही) परत केलं की व्ह्यू गुपचूप इनपुट होऊन बसतो आणि एरर उगवते तिसऱ्याच फाइलमधल्या अल्गोरिदमवर. कॉन्सेप्ट्सचे (टाइपवरच्या अटींचे) ते लांबलचक निरोप वाचायचे कोणी? मीच ना!

सेंटिनल_ताई
क्लासच्या खाली एक स्टॅटिक असर्ट (बिल्डच्या वेळीच तपासली जाणारी अट): व्हेक्टरवर लावलेला हा व्ह्यू फॉरवर्ड रेंज आहे. मग एरर त्याच फाइलमध्ये येते आणि लिहिणाऱ्यालाच वाचावी लागते. दुसरा असर्ट उलटा, बायडिरेक्शनल (दोन्ही दिशांनी फिरणारा) *नाही* असा, म्हणजे उद्या कोणी उत्साहाने -- घातला तर बिल्ड तिथेच अडेल. हे दोन नसतील तर रिव्ह्यूत परत पाठवा, मी तुमच्या बाजूने बोलेन. सरसकट बंदीला मात्र विरोध कायम.

कॉफी_आणि_कोअरडंप
बघून आलो. दोनपैकी एका ठिकाणी व्ह्यूवर खरंच दोनदा फिरतायत, आधी मोजायला आणि मग पाठवायला. तिकीट टाकलंय. ताई, तो ++ तेवढा इथे पेस्ट कराल का?