कॅप्चर की मॉडेलिंग? व्हॉल्व्ह अँप न पाहिलेल्या गिटारवाल्यांसाठी

उदगीरचा_गिटारवाला :
उदगीर-लातूरकडं व्हॉल्व्ह अँप (काचेच्या नळ्यांवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर) वाजवून बघावा असं दुकान मला अजून सापडलं नाही. म्हणून माझं ठाम मत, आपल्यासाठी कॅप्चरच, म्हणजे एका खऱ्या अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल. मॉडेलिंग, म्हणजे अँपचं सर्किट गणितानं उभं करून त्याची बटणंही देणारं, ते नको. कॅप्चरचं न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. कुणीतरी आपल्या अँपमधून तीनेक मिनिटांचा ठरावीक सिग्नल सोडतं, बाहेर आलेला आवाज रेकॉर्ड करतं, आणि न्यूरल नेटवर्क त्या दोन्हींतलं नातं शिकतं. ती फाइल उघडली की तो अँप माझ्या बोटाखाली. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात मारलं की फाटतो. माझ्या जुन्या मॉडेलिंग पेडलमध्ये हे कधीच मिळालं नाही.

नांदेड_ऑर्केस्ट्रा :
जुन्या पेडलवरून निकाल देऊ नका भाऊ. 1998 चा पॉड आणि 2015 चा हेलिक्स या लाइन 6 च्या मॉडेलिंग यंत्रांत लई अंतर आहे. कॅप्चरमध्ये बटणं जिथं होती तिथंच गोठतात. मी लग्नात वाजवतो. आज पत्र्याचं मंगल कार्यालय, उद्या उघडा मांडव. पत्र्याखाली बास घुमतो, कमी करावाच लागतो. जुन्या फेंडर अँपमध्ये बासचं बटण पॉवर अँपच्या (आवाज मोठा करणाऱ्या शेवटच्या टप्प्याच्या) आधी असतं, म्हणून ते फिरवलं की फाटण्याचा पोतच बदलतो. कॅप्चरनंतर ईक्यू (बास-ट्रेबल कमीजास्त करणारं) लावून फक्त बास कमी होतो, गढूळपणा तसाच राहतो.

उदगीरचा_गिटारवाला :
मग वेगवेगळ्या सेटिंगची चार-पाच कॅप्चर ठेवायची.

नांदेड_ऑर्केस्ट्रा :
गेनच्या (आवाज किती फाटावा ते ठरवणाऱ्या बटणाच्या) चार जागा, प्रत्येकी बासच्या तीन, झाल्या बारा फायली. गायिका मुखड्यावर आली, मी फाइल शोधत बसू?

परभणीची_तार :
नांदेडच्या दादांशी सहमत. मी खऱ्या अँपला कधी हात लावलेला नाही. कुठलं बटण काय करतं हे मला मॉडेलिंगनंच शिकवलं.

संभाजीनगर_रेकॉर्डिंग :
मी कॅप्चरच्या बाजूनं. मित्रानं अँप विकायच्या आदल्या रात्री आम्ही त्याचं कॅप्चर घेतलं. जुन्या झालेल्या व्हॉल्व्हसकट तोच एक अँप माझ्याकडं राहिला. मॉडेलिंग त्या जातीचा अँप देईल, त्याचा देणार नाही. आणि कॅप्चर वाईट वाजतं म्हणणाऱ्यांनी आधी दोन गोष्टी तपासा. फाइलमध्ये कॅबिनेट आधीच असेल तर वर पुन्हा आयआर (स्पीकरच्या कॅबिनेटचा आवाज देणारी फाइल) लावू नका, आवाज दबून जातो. इंटरफेसची (गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याची) इनपुट लेव्हलही बघा. ती जास्त असेल तर स्वच्छ अँपसुद्धा फाटका वाटतो.

उदगीरचा_गिटारवाला :
नांदेडकर, तुमचा बासचा मुद्दा डोक्यात राहिला. रात्री ईक्यू कॅप्चरच्या आधी लावून बास कापला. गढूळपणा गेला, तारा सुट्या ऐकू आल्या.

नांदेड_ऑर्केस्ट्रा :
हां, हे जमण्यासारखं आहे, मीही करून बघतो. पण प्रेझेन्सचं (आवाजाची वरची धार कमीजास्त करणाऱ्या बटणाचं) काय? ते बटण पॉवर अँपच्या फीडबॅकमध्ये (बाहेर पडणारा सिग्नल थोडा परत आत नेणाऱ्या वाटेत) बसलेलं असतं. ईक्यू आधी लावा नाहीतर नंतर, तिथं पोचणार कसं?