वासाचा फोटो कसा काढायचा?

किल्लीवाली
माझा दोन खोल्यांचा फ्लॅट मी दोन-चार दिवसांच्या मुक्कामासाठी भाड्याने देते. नियमांची पहिलीच ओळ आहे: घरात धूम्रपान चालणार नाही. मागच्या आठवड्यात चौघं जण तीन रात्री राहून गेले. ते गेल्यावर दार उघडलं तर सिगारेटचा भपकारा. दोन दिवस खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, पडदे-चादरी धुतल्या, सुगंधी फवारे मारले. आता फुलांचा वास आणि सिगारेटचा वास दोन्ही सुखाने नांदतायत. शिवाय बाथरूमलगतच्या कपाटाचा तळ पाणी पिऊन फुगलाय. पुढचे पाहुणे दारातूनच परत गेले, त्यांचे पैसे मला परत द्यावे लागले. म्हणून आधीच्यांचं डिपॉझिट मी ठेवून घेतलं. ते म्हणतात, "आम्ही बाल्कनीत ओढली. आत ओढल्याचा पुरावा दाखवा." माझं काही चुकलं का?

फिरस्ता
चुकलंच. कपाटाचं एक वेळ ठीक, फुगलेली फळी दिसते तरी. मी कामानिमित्त वर्षभर असल्याच घरांत राहतो. एका घरातून निघाल्यावर तिसऱ्या दिवशी मालकाचा निरोप: घरात कुत्र्याचा वास येतोय, सफाईचे पैसे कापले. मला कुत्र्यांची ॲलर्जी आहे! माझ्या आधी कोण राहिलं होतं असं विचारलं, तर त्यावर मौन. ज्याचं डिपॉझिट हाताशी त्याच्याच नावावर वास, हा कुठला न्याय?

रोखठोक
फिरस्ता, तुमच्यावर अन्याय झाला म्हणून सगळे पाहुणे धुतल्या तांदळासारखे होत नाहीत. बाल्कनीत ओढली म्हणजे दार उघडं असणारच. धूर काय उंबऱ्याशी थांबून परवानगी मागतो? आणि हा प्रश्न नुसत्या वासाचा नाही. निकोटिन आणि डांबर भिंतींवर, पडद्यांवर, गादीच्या फोममध्ये चिकटून बसतं आणि नंतर कितीतरी दिवस सुटत राहतं. २०१० साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं, की असं बसलेलं निकोटिन आणि हवेतलं नायट्रस आम्ल यांच्यात अभिक्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स तयार होतात. पुढच्या पाहुण्यांचं रांगतं बाळ त्याच फरशीवर खेळणार. हे नुकसान नाही तर काय?

तिरकस
फरशीवरचं मान्य. पण ते त्याच तीन रात्रींत बसलं, हे कशावरून? मालकांच्या नाकाचा भरवसा मला तरी वाटत नाही. रोज ज्या वासात वावरतो तो आपल्याला जाणवेनासा होतो, नाक सरावतं. त्यातून प्रत्येक मुक्कामानंतर फवारा मारायची सवय असेल तर खाली काय साचत गेलं ते कळणार कसं? मला तर दारातच लिंबाचा घमघमाट आला की शंका येते, हे काय झाकतायत?

किल्लीवाली
मी रोज त्या घरात नसते हो, फक्त पाहुणे गेल्यावर जाते. आणि फवारा कोण मारत नाही?

रंगारी
भांडण चालू द्या. मी रंगकाम आणि घरसफाईची कामं घेतो, अशी घरं बरीच पाहिलीत. ताई, फवारे थांबवा. वास जिथून सुटतोय ते सापडेपर्यंत बाकी सगळं फुकट. आधी एसीचं जाळीदार फिल्टर काढून बघा. धूर तिथेच ओढला जातो आणि एसी लावला की तोच वास पुन्हा खोलीभर. मग पांढरं ओलं फडकं छताच्या कोपऱ्यातून फिरवा. पिवळट-तपकिरी निघालं तर तो धुराचा थर. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मगच रंग. न धुता वरून रंग दिलात तर डागही वर येतात आणि वासही. थर जाड असेल तर रंगाआधी लाखेचा प्रायमर लावावा लागतो, साधा प्रायमर पुरत नाही.

फिरस्ता यांच्या कुत्र्यावरून आठवलं. प्राण्यांच्या लघवीतले यूरिक आम्लाचे क्षार पाण्यात सहज विरघळत नाहीत. पुसून वास गेल्यासारखा वाटतो, पण हवा दमट झाली की पुन्हा येतो. त्याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं. ब्लीच ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच्या कुत्र्याचं बिल दमट आठवड्यात आलेल्या माणसावर फाटू शकतं.

नवखा
ओझोनचं मशीन भाड्याने मिळतं म्हणे. एका रात्रीत काम तमाम?

रंगारी
फुफ्फुसांचंही होईल. ओझोन श्वासात जाणं धोक्याचं आहे, रबरही त्याने खराब होतं. जे प्रमाण माणसाला सोसतं तेवढ्याने वास फारसा जात नाही. माझ्या कामात मी वापरत नाही.

अवांतर: घर रिकामं राहून गटाराचा वास येत असेल तर पाहुण्यांना बोल लावू नका. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखाली वास अडवायला साचून राहणारं पाणी सुकतं आणि गटाराची हवा थेट वर येते. तांब्याभर पाणी ओतलं की वास बंद.

फिरस्ता
बघा! आता हा गटाराचा वास कितीजणांच्या डिपॉझिटमधून गेला असेल, हिशेब करा.

रोखठोक
एका ट्रॅपवरून सगळे मालक चोर ठरले वाटतं. आणि पुरावा मागायचा तर मालकाने करायचं काय? घरात कॅमेरे लावता येत नाहीत, लावूही नयेत. अशी घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीने २०२४ च्या एप्रिलअखेरपासून घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर सरसकट बंदी घातली, ते योग्यच झालं. मग उरतं काय? मालकाचं नाक आणि पाहुण्याचा प्रामाणिकपणा.

तिरकस
उरतं की. पाहुणे निघतात त्याच दिवशी, सफाईच्या आधी, तिऱ्हाईत माणसाला आत न्या. सफाईवाल्या बाई, शेजारी, कोणीही. त्यांनी लगेच दोन ओळी लिहून पाठवल्या तर त्याला तारीख-वेळ येते. आठवड्याने आणि तीन फवाऱ्यांनंतर केलेली तक्रार कोण ऐकणार?

किल्लीवाली
आज जाऊन आले. रंगारी म्हणाले तसं फिल्टर काढलं. हातात घेववेना. तपकिरी, चिकट, आणि वास तोच. छताच्या कोपऱ्यातून फडकं फिरवलं, तेही पिवळं. तीन रात्रींत एवढं होत नाही, हे मलाही दिसतंय. फिल्टर शेवटचं कधी धुतलं होतं ते आठवत नाही. कपाटाचे मात्र त्यांच्या आदल्या दिवशीचे फोटो आहेत, तळ धड होता. तेव्हा कपाटापुरते ठेवून बाकीचं डिपॉझिट परत करतेय.

रोखठोक
घाई करताय. फिल्टर आधीचं घाण होतं म्हणून यांनी ओढली नाही असं होत नाही. बाल्कनी तुमच्या घरातच येते ना? नियम मोडल्याचं ते स्वतःच कबूल करतायत.

फिरस्ता
नियमात 'घरात' लिहिलंय, बाल्कनीचं नाव नाही. आणि किल्लीवाली, कपाट किती जुनं आहे? भुशाच्या पाट्याचं (पार्टिकल बोर्डाचं) असेल तर नव्या कपाटाची किंमत लावू नका. वापरलेल्या वर्षांची घट धरा.

किल्लीवाली
सहा वर्षं झाली. भुशाचंच आहे. सुतार म्हणतो, फक्त तळ बदलता येईल. तेवढंच धरते. नियमात बाल्कनी घालावी का, यावर घरात आमचे दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, घाल. मी म्हणते, मग ते बाथरूममध्ये ओढतील.

रंगारी
बाथरूममध्ये ओढली तर एक्झॉस्ट फॅनची पातीसुद्धा धुवावी लागतात. आणि ताई, कपाटाचा तळ बदलायच्या आधी पाणी कुठून आलं ते बघा. बाथरूमच्या भिंतीला हात लावा. ओल असेल तर तो पाहुणा नाही, पाइप आहे.