मदत हवी आहे: काकांना त्रास नसताना फिस्टुला (डायलिसिससाठी हातावर करतात ते छोटं ऑपरेशन) आत्ताच करून ठेवावा का? (बडोदा)

नमस्कार मंडळी. आम्ही दांडिया बाजारात राहतो. काका ७२ वर्षांचे आहेत, मधुमेह जुना, त्यातूनच किडन्यांवर परिणाम झाला. ताज्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन ४.८ आणि ईजीएफआर (किडन्या किती काम करतात त्याचा आकडा) १२ आलंय. ईजीएफआर १५ च्या खाली गेलं की किडनीच्या आजाराचा पाचवा, म्हणजे शेवटचा टप्पा, एवढं समजलं. डॉक्टर म्हणाले, "फिस्टुला करून घ्या, डायलिसिसची तयारी ठेवा." बाहेर रांग होती, पुढचं विचारायचं राहिलं.

काकांना उलट्या नाहीत, दम लागत नाही, संध्याकाळी पायांवर थोडी सूज असते इतकंच. रोज सुरसागरपर्यंत चालत जातात. "मला काही होत नाही, मग हाताचं ऑपरेशन कशाला?" असं विचारतात. काकू म्हणतात, त्यांना सगळं सांगू नका, धास्ती घेतील. मला हे अजिबात पटत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास सुया टोचून पडून राहायचं ते काकांना, मग निर्णयही त्यांनीच समजून घ्यायला हवा ना?

घरी पोटातून करतात त्या डायलिसिसबद्दल ऐकलंय. या वयात ते झेपेल का? आणि खर्च: काकांचं सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय. उत्पन्न कितीही असलं तरी वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, हे माहीत आहे. पण डायलिसिससोबतची इंजेक्शनं, तपासण्या त्यात येतात का? ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांनी कृपया सांगा. काकांना वाचून दाखवणार आहे.

प्रतिसाद:

माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस सुरू आहे, म्हणून लिहिते. फिस्टुला म्हणजे हातातली शीर धमनीला जोडतात. मग ती शीर जाड व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात. म्हणून त्रास नसतानाच करायचा. सासऱ्यांचा झाला नव्हता आणि अचानक दम लागला, तेव्हा मानेत नळी घालावी लागली. नळीत जंतुसंसर्गाची भीती जास्त. काकांना हेही सांगा की फिस्टुला केला म्हणजे लगेच डायलिसिस असं नाही. सुरू कधी करायचं ते नुसत्या आकड्यावर नाही, मळमळ, सूज, दम, पोटॅशियम बघून ठरवतात. ज्या हातात करायचाय त्यातून आजपासून रक्त काढू देऊ नका, बीपीही दुसऱ्या हाताचं घ्या.

पोटाच्या डायलिसिसमध्ये बहुधा दोन लिटरची पिशवी दिवसातून तीन-चारदा बदलावी लागते. वयापेक्षा स्वच्छता आणि घरातलं मदतीचं माणूस महत्त्वाचं, नाहीतर पोटात संसर्ग होतो. उतारवयात काही जण डायलिसिस न करता औषधं आणि पथ्यावर राहणं निवडतात. तोही पर्याय डॉक्टरांना काकांच्या समोरच विचारा. दुसरं मत घ्यायचं तर नडियादचं मुळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटल किडनीसाठीच ओळखलं जातं, आपल्याकडून ट्रेननं जवळ आहे.

खर्चाचं मात्र तोंडी ऐकून घरी येऊ नका. हॉस्पिटलच्या आयुष्मान मित्राकडून (या योजनेसाठी तिथे बसणारा मदतनीस) लिहून घ्या: पॅकेजमध्ये रक्तवाढीचं इंजेक्शन, लोह, दर महिन्याच्या तपासण्या, फिस्टुलाचं ऑपरेशन, यातलं काय येतं आणि काय खिशातून द्यायचं. शंका राहिली तर योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर विचारा. आणि पुढच्या वेळी प्रश्न कागदावर लिहून न्या, काकूंनाही सोबत घेऊन जा.