उभ्या दगडाचा पुरावा

मानववंशशास्त्राचा उपयोग प्रबंधापुरताच, असं काहीजण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे जमिनीवरचे हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्याच्या नियमांतला 13वा नियम वाचा: दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, वंशावळ, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. या नोंदी करणं हेच तर आपलं मानववंशशास्त्राचं शिक्षण!

गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या एका गावात वनहक्काचे दावे भरताना एक माडिया आदिवासी कुटुंब कागद नाही म्हणून हिरमुसून बसलं होतं. त्यांच्यातल्या दावेदाराला आणि शेजारच्या आजींना घेऊन रानात गेलो. मोहाखालच्या शेवाळलेल्या उभ्या दगडावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हा याच्या आज्याचा." माडियांत मृताच्या नावाने दगड उभारतात. आजींचा जबाब, दगडाचा फोटो आणि चार पिढ्यांची वंशावळ त्याच संध्याकाळी दाव्याला जोडली.