गावच्या जुन्या घराला वाळवी, पेस्ट कंट्रोल करावं का?

चाकरमानी_संगमेश्वर
नमस्कार मंडळी, संगमेश्वर तालुक्यात आमचं जुनं घर आहे, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), वर मंगलोरी कौलं. शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर बंदच असतं. यंदा गणपतीला गेलो तर माजघराच्या दाराची चौकट दिसायला ठणठणीत पण ठोकली की पोकळ वाजतेय आणि भिंतीवरून थेट तुळईपर्यंत मातीची रेघ चढलीय. काका म्हणाले रॉकेल मारा (मिळतं कुठे आता), शेजारचे म्हणतात बिब्ब्याचं तेल लावा आणि पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो भोकं पाडून औषध सोडतो, पाच वर्षांची गॅरंटी. माजघरात लाद्या आहेत, पडवी मात्र अजून सारवतो. मागच्या भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर विहीर आहे. भोकांनी जुन्या भिंतीला काही होणार नाही ना? खर्च करायचा तर एकदाच करू.

जांभा
पहिली गोष्ट, ती रेघ सगळी खरवडू नका. मध्ये चार बोटं तोडा आणि दोन-तीन दिवस बघा, परत भरून घेतली म्हणजे आत वावर चालू आहे. रॉकेलने समोर दिसते तेवढी मरते, बाकीची दुसरीकडून चढते, कारण वारूळ जमिनीत असतं, राणी तिथेच, चौकट खायला येतात ते नुसते कामकरी. तेव्हा लाकडाला काहीही चोपडा, जमिनीतली वाट उघडीच राहते. भोकं पाडायलाच लागतील, फक्त चिऱ्यात नको, लादी आणि भिंत मिळते त्या कडेला पाडायची. आयएस 6313 या भारतीय मानकाचा तिसरा भाग बांधलेल्या घरांसाठीच आहे, त्यात 12 मिमीचं भोक, 30 सेंमी अंतर आणि भोकाला लिटरभर औषध असा हिशोब आहे. बरेच जण अंतर वाढवतात, दोन पिचकाऱ्या मारतात आणि वर पांढरं सिमेंट लावून मोकळे, तेव्हा समोर उभं राहून करून घ्या. बाटली पण सीलबंद आणायला सांगा. इमिडाक्लोप्रिड 30.5 एससी (वाळवीचं औषध, 30.5 टक्क्यांचं) असेल तर लिटर पाण्याला 2.1 मिली. त्याचा वाळवीला पत्ता लागत नाही, ती त्यातूनच ये-जा करते आणि इतरांपर्यंत पोचवते. त्यामुळे लगेच फरक दिसत नाही, काही आठवडे जातात आणि लोक तेवढ्यात फसवलं म्हणून बोंब मारतात.

गुहागरची_सून
औषधाच्या आधी घराभोवती एक फेरी मारा ना. पागोळ्यांचं पाणी जोत्यालाच पडतंय का, उंबरा थेट मातीत रुतलाय का, आणि मुख्य म्हणजे मागच्या भिंतीला टेकून लाकूडफाटा, झावळ्या, नारळाची सोडणं रचलीत का. आमच्याकडे प्रत्येक घरात हेच, भिंत ओली आणि तिला लागून वाळवीच्या जेवणाची सोय!! पन्हळ लावून घ्या, लाकडं भिंतीपासून लांब, खाली दगड घालून रचा. बंद घरात चूल नाही, वारा नाही, ओल तशीच राहते, पंधरवड्याने कुणीतरी दारं-खिडक्या उघडेल एवढी व्यवस्था करा. माळ्यावरच्या पोथ्या, पत्रिका, पुठ्ठ्याचे खोके पण खाली उतरवा.

बिब्बेवाले_भाऊ
सगळं केमिकलच का? आमच्या घराचे वासे आजोबांच्या वेळचे आहेत, काजूच्या टरफलाचं तेल लावलेले, अजून एकाला वाळवी नाही. होड्यांना लावतात ते काय उगाच?

जांभा
भाऊ, तेल चांगलंच आहे, पण नवीन लाकडाला, बसवायच्या आधी, टोकांना भरपूर. आत पोखरलेल्या चौकटीला बाहेरून लावून ते वाळवीपर्यंत पोचणार कसं? (हातमोजे घाला, कातडी सोलते.) तुमचे वासे बहुतेक जुन्या सागाच्या गाभ्याचे असतील. सागाचं बाहेरचं पांढुरकं लाकूड पण वाळवी खाते, आणि आजकाल वखारीतून तेच जास्त येतं. शिवाय त्या काळी गॅमेक्सिन (बीएचसी नावाच्या कीटकनाशकाची पावडर) पण सर्रास मारायचे. बीएचसीवर 1997 पासून बंदी आहे, माळ्यावर जुनी पुडी सापडली तर वापरू नका कोणी.

नाशिककर_सुतार
चाकरमानी दादा, अजून एक तपासा. चौकटीखाली खसखशीसारखे दाणे पडलेत का? आमच्या कामात असं फर्निचर येतं, मातीची रेघ वगैरे काही नाही, फक्त दाणे. ती सुक्या लाकडातली वाळवी, लाकडातच राहते, तिच्यासाठी जमिनीत औषध ओतणं म्हणजे पैसे पाण्यात, लाकडात भोकं पाडून इंजेक्शन द्यायला लागतं. मऊ पीठ पडत असेल तर मात्र भुंगेरा.

पाणीवाली_बाई
विहिरीचं कोणीच काही बोलत नाही?? जांभा दगड किती पाणी पितो माहितीये ना, मागच्या बाजूला औषध ओतलंत आणि वरून पाऊस आला तर ते झिरपत कुठे जाईल? पिण्याची विहीर असेल तर त्या बाजूची माती अजिबात भिजवू देऊ नका. तिथे जमिनीत पुरायचे आमिषाचे डबे मिळतात, महिनोन्‌महिने लागतात आणि कुणीतरी मधूनमधून बघावं लागतं, पण विष पसरत नाही. बाकीचं काम दिवाळीनंतर, जमीन सुकली की. ओल्या मातीत औषध मुरत पण नाही नीट. आणि गॅरंटीच्या कागदावर लिहून घ्या की परत आली तर फुकट येणार, बंद घर असलं तरी. फोनवर सगळेच हो म्हणतात.

चाकरमानी_संगमेश्वर
सगळ्यांचे आभार. रेघ तोडली होती, भाचा बघून आला, दोन दिवसांत परत भरलीय. दाणे नाहीत. लाकडाची रास मागच्या भिंतीलाच होती, हलवली. दिवाळीनंतर औषध, विहिरीकडची बाजू सोडून. चौकट बदलावीच लागेल, सुतार म्हणतो ग्रॅनाइटची करा, काका म्हणतात सागच.

नाशिककर_सुतार
सागाची करा की, फक्त गाभ्याचं लाकूड बघून घ्या आणि चौकटीचे पाय जमिनीत गाडू नका, खाली दगड द्या. भिंतीत जाणाऱ्या बाजूला बसवायच्या आधीच औषध मारा, नंतर तिथे हात पोचत नाही. आणि जुनी चौकट "लागेल कधीतरी" म्हणून पडवीत ठेवतील काका, त्याआधी बंबात घाला.