द्रौपदीच्या तोंडी ते वाक्य घालायचं का?

सुरसागरकर
महाभारताचं युद्ध कशामुळे पेटलं असं बडोद्यात कुणालाही विचारा, हमखास उत्तर येतं: द्रौपदी दुर्योधनाला 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणाली म्हणून. पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुन्या पोथ्या ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हे वाक्यच नाही. तिथे मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि सेवक हसतात. द्रौपदीही हसली, हे तो नंतर बापाकडे गाऱ्हाणं घालताना सांगतो. बी. आर. चोप्रांच्या मालिकेत मात्र (1988 ते 1990) ते वाक्य तिच्या तोंडी आलं आणि घरोघरी पक्कं झालं. द्यूत, लाक्षागृह, राज्याचा लोभ सगळं बाजूला. दोष एका बाईच्या जिभेचा. यंदा गणपतीत मुलं मयसभेचा प्रवेश बसवणार आहेत. त्यातून हे वाक्य काढावं, असं माझं ठाम मत आहे.

दांडियाबाजार
काका, मला नाही पटत. ते वाक्य मालिकेने शोधून काढलेलं नाही, माझ्या आजीच्या गोष्टीतही होतं. कथा अशाच वाढतात. वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मणरेषा नाही, म्हणून ती पुसायची का? सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक चित्रं काढून घेतली. त्या साडीतल्या नायिका कुठल्या पोथीत होत्या? आज आपण फत्तेसिंह संग्रहालयात पाहुण्यांना अभिमानाने नेतो. दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकले. त्यांच्या 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंके नावाच्या एकाच नटाने केले. प्रेक्षकांनी तेही भक्तिभावाने पाहिलं.

सुरसागरकर
साडी नेसवल्याने रविवर्म्याच्या चित्रातल्या दमयंतीवर आळ येत नाही. इथे येतो, फरक एवढाच आणि तोच मोठा आहे. शिवाय पडद्याची ताकद बडोद्याने तर प्रत्यक्ष पाहिली आहे. रामायण मालिकेतली सीता, दीपिका चिखलिया, 1991 मध्ये आपल्याकडून लोकसभेवर गेली, तीही समोर खुद्द रणजितसिंह गायकवाड उभे असताना! एवढा विश्वास लोक ज्या रूपावर टाकतात, ते रूप घडवणाऱ्याने जपून लिहायला नको?

मांडवीची मावशी
अहो, कीर्तनकारही पदरचं घालतात. पण बुवा समोर बसलेले असतात, आरती झाली की त्यांना गाठून 'हे कुठलं?' असं विचारता येतं. मालिकेला कोण विचारणार? मला दुसरंच खटकतं. सभेत द्रौपदी जो प्रश्न करते, धर्मराज आधी स्वतःला हरले की मला, त्यावर भीष्मांनाही नीट उत्तर देता येत नाही. आख्ख्या सभापर्वात त्याच्या तोडीचं काही नाही. मालिकेतही तो प्रश्न आहे, रूपा गांगुली मन लावून बोलली आहे. तरी लोकांच्या ध्यानात राहिला तो टोमणा. म्हणजे दोष नुसता लेखकाचा नाही, आपल्यालाही बाईचा टोमणा लवकर आठवतो.

दांडियाबाजार
मावशी, हे मान्य. पण म्हणून वाक्य काढण्यात मला धोका दिसतो. 2023 मध्ये 'आदिपुरुष'मधल्या हनुमानाच्या भाषेवर आरडाओरडा झाला आणि चित्रपट चालू असताना संवाद बदलले. ते संवाद मलाही अजिबात आवडले नव्हते. पण उद्या कुणी द्रौपदीचा तो प्रश्नच 'अनादर' म्हणून कापायला लावला तर? कात्री एकदा हातात आली की ती फक्त आपल्याला नको तेवढंच कापेल, याची खात्री कोण देणार?

सुरसागरकर
सरकारी बंदी मी मागतच नाही. आपला प्रवेश, आपली मुलं, आपण लिहिणार. त्यात मूळात नसलेला दोष बाईवर का ठेवायचा?

मांडवीची मावशी
मग असं करा. भीमाला हसू द्या, भावांना हसू द्या. पुढच्या प्रवेशात दुर्योधन धृतराष्ट्राला सांगतो, 'द्रौपदीही हसली.' मूळात आहे तसं. संहिता मी लिहून देते, रविवारी तालमीला आणते.

दांडियाबाजार
लिहा मावशी, मी दुर्योधन करतो. पण ते वाक्य असलेली आजीची गोष्ट मी माझ्या मुलीला सांगणारच.